हजेरी घेणाऱ्या बिलोलीकरबाई

बिलोलीकरबाईंवर लिहायचं मी चार वर्षं टाळलं. त्या गेल्या त्या वर्षी आमच्या हॅम रेडिओच्या गटाने त्यांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं, तेव्हा मी मोतीबिंदूचं कारण सांगितलं. ऑपरेशन झाल्यावर गुडघ्याचं सांगितलं. गुडघ्याने कुणी लिहीत नाही हे विचारणाऱ्याच्या लक्षात आलं असावं, कारण पुन्हा कुणी विचारलं नाही. पुस्तिकाही निघाली नाही. आता मी सत्त्याहत्तर वर्षांचा आहे आणि माझ्याजवळची कारणं संपली आहेत.

आधीच सांगतो, मला ही बाई आवडत नव्हती. गेलेल्या माणसाला साखरेत घोळवून सांगायची आपल्याकडे रीत आहे, ती मी पाळणार नाही. बाई तोंडाने फटकळ होत्या, आणि चारचौघांत माणसाचा पाणउतारा करताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. आजही त्यांचं एखादं वाक्य आठवलं की माझं डोकं तापतं. पण शेवटी त्यांच्या बाबतीत जे झालं ते मी केलं, आणि ते माझ्याशिवाय फक्त माझ्या बायकोला माहीत आहे.

नऊ वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो. वीज खात्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, हैदराबादेत काचीगुड्याच्या घरात वेळ जात नव्हता. कुणीतरी सांगितलं की नल्लकुंट्याला एक मराठी बाई रविवारी सकाळी हॅम रेडिओच्या लायसनची शिकवणी घेतात, फुकट. हॅम रेडिओ म्हणजे हौशी लोकांचा बिनतारी संवाद. सरकारची परीक्षा द्यायची, पोलिसांची चौकशी होते, मग लायसन येतं आणि त्याबरोबर स्वतःचा एक संकेत मिळतो. तो संकेत सांगितल्याशिवाय हवेत एक शब्द बोलायचा नाही.

बाईंच्या पुढच्या खोलीत आम्ही सहा जण सतरंजीवर बसलो होतो. बाई टेलिफोन खात्यात तंत्रज्ञ होत्या, लग्न केलेलं नव्हतं, वय माझ्याच आसपास. इतर बायका कमरेला किल्ल्यांचा जुडगा खोचतात तसा त्यांनी कमरेला टेस्टर खोचला होता. त्यांनी नाव-गाव काही न विचारता प्रत्येकाच्या हातात एकेक लाकडी ठोकळा ठेवला. वॉकीटॉकीच्या आकाराचा, कुशीला सोड्याच्या बाटलीचं झाकण खिळ्याने ठोकलेलं. ते झाकण म्हणजे बोलायचं बटण.

"महिनाभर यावर बोलायचं," त्या म्हणाल्या. "दाबा. एक श्वास थांबा. मग बोला. सोडा. ऐका. बोलणं बोटभर, ऐकणं हातभर."

मी म्हटलं, "बाई, मी तेहतीस हजार व्होल्टची उपकेंद्रं सांभाळलीत."

"हौ, दिसतंय ना," त्या म्हणाल्या. "म्हणून तुम्हाला मोठा ठोकळा दिला. खरा सेट दिला तर तुम्ही भाषण ठोकाल, इंजिनियरसाहेब."

खोलीत हशा पिकला. पुण्याहून कंपनीच्या नोकरीसाठी आलेला पराग नावाचा एक मुलगा तर डोळे पुसत होता. त्या दिवसापासून मी त्या बाईंसाठी 'इंजिनियरसाहेब' झालो, आणि त्यांच्या तोंडून तो शब्द कधीच मानाने निघाला नाही.

शिकवत मात्र चांगल्या होत्या, हे कबूल करायला हवं. परीक्षेत अर्धा भाग नियमांचा आणि अर्धा तंत्राचा. नियम त्या पाढ्यांसारखे म्हणवून घेत. तंत्र शिकवताना एक बिघडलेला सेट आमच्यापुढे टाकत आणि दोष शोधायला लावत. कुणी घाईने दोन तारा एकदम बदलल्या की हातावर पट्टी मारत, खरोखरच मारत, साठी उलटलेल्या माणसालाही. "एका वेळी एकच वस्तू बदला. काढली आणि दोष गेला, तर दोष तिथेच होता. दोन एकदम बदलाल तर आयुष्यभर कळणार नाही कोण चोर, कोण साव." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की पराग त्यांची नक्कल करायचा.

मी परीक्षेत पास झालो. लायसनचे कागद मात्र महिनोन्महिने अडकले. मधे पोलीस चौकशी झाली. एक तरुण शिपाई घरी आला, खुर्चीत बसला, मला वरून खाली पाहिलं आणि म्हणाला, "ये वॉकीटॉकी काइकू होना साब, इस उमर में? फोन नहीं है क्या?" कमलने, म्हणजे माझ्या बायकोने, आतून चहा आणता आणता उत्तर दिलं, "फोनवर समोरचा फोन ठेवून देतो ना भय्या. यात ठेवता येत नाही." शिपाई हसला आणि त्याने कागदावर सही केली.

लायसनची वाट पाहता पाहता मी ऑनलाइन एक हातात धरायचा सेट मागवून टाकला. ऐकायला बंदी नव्हती. रोज सकाळी साडेआठला बाई गटाची हजेरी घेत, ती मी ऐकायचो. त्याची थोडी कल्पना द्यायला हवी. हातातल्या सेटचा आवाज दोन-चार किलोमीटरच्या पुढे जात नाही. म्हणून उंच जागी रिपीटर नावाचं यंत्र बसवतात. ते आपला क्षीण आवाज पकडतं आणि त्याच क्षणी जोरात सगळ्या शहरावर सोडतं. आमचा रिपीटर चिक्कडपल्लीतल्या एका उंच इमारतीच्या गच्चीवर, एका लोखंडी पेटीत होता. बाईंनी तो जुन्या सुट्या भागांतून स्वतः जोडला होता. पेटीची किल्ली त्यांच्याकडेच असे. आम्ही सगळे त्याला नुसतं 'मशिन' म्हणत असू.

सकाळी साडेआठला बाई एकेकाचा संकेत पुकारायच्या आणि ज्याचा त्याने "हजर" म्हणायचं. गटात म्हातारे बरेच होते. बरकतपुऱ्याचे एक गृहस्थ एकटे राहत. ते दोन दिवस बोलले नाहीत तेव्हा बाई रिक्षा करून त्यांच्या दारात गेल्या. ते न्हाणीघरात पडलेले होते. त्यांना दवाखान्यात पोचवून, ते शुद्धीवर आल्यावर बाईंनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "सेट बाहेर ठेवून आंघोळीला जाणारे हौले लोक मी पाहिलेत, पण तुम्ही पहिला नंबर." हौला म्हणजे हैदराबादी बोलीत बावळट. ते गृहस्थ ही गोष्ट सांगताना रडायचे. मी ती ऐकताना मनात म्हणायचो, चांगलं काम केलं, पण तोंड बघा.

मला ती हजेरी रोज ऐकून राहवेना. एका सकाळी पुकारा संपल्यावर मी बटण दाबलं आणि म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?" संकेत नव्हताच, तर सांगणार काय?

मग बाईंचा आवाज आला. "येतोय. सगळ्या हैदराबादेत येतोय. इंजिनियरसाहेब, लायसन आलं का? नाही ना? मग सेट खाली ठेवा आणि ठोकळा घ्या हातात."

चाळीसेक माणसांनी ते ऐकलं. त्या संध्याकाळी बाजारात एक ओळखीचे तेलुगू गृहस्थ भेटले तर म्हणाले, "एमंडी, ठोकळा बागुन्नाडा?" म्हणजे ठोकळा बरा आहे ना. मी वीज खात्यात तीनशे माणसांवर हुकूम चालवला होता. नियम मी मोडला होता आणि बाईंचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. ज्याचं बरोबर असतं त्याचा राग जास्त येतो.

पुढे लायसन आलं. नव्याने लायसन मिळालेल्या सगळ्यांना बाईंनी सेट घेऊन बोलावलं. "या चिनी सेटांत एक सोय आहे," त्या म्हणाल्या. "ती चालू असली की बटण दाबायला नको, आवाज झाला की सेट आपणच हवेत बोलायला लागतो. ही सोय नाही, सापळा आहे. तुम्ही गप्प बसाल आणि तुमचं घर बोलत राहील. इकडं द्या सेट, एकेक करून बंद करते." सगळ्यांनी सेट पुढे केले. मी केला नाही. "माझा मी बघतो," म्हटलं. त्यांनी खांदे उडवले.

घरी आल्यावर मी ती सोय शोधली. ती मुळात बंदच होती. मी चालू केली. का केली, याला मी पुढे अनेक कारणं दिली, अंगठा दुखतो वगैरे. खरं कारण एकच, बाईंनी नको म्हटलं होतं. दोन दिवस तिच्याशी खेळलो, मग विसरून गेलो. बंद केली असं मला वाटत होतं.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून चिक्कडपल्लीची बाजू मोकळी दिसते, म्हणून सेट तिथे ओट्याच्या कडेला ठेवायचो. तेलकट हात लागतात म्हणून कमलने त्याला जुन्या ब्लाउजपीसची खोळ शिवली होती, वर नाडी ओढून बंद करायची. सेट बोलत असला की डोक्यावर एक लाल दिवा लागतो, तो त्या खोळीत झाकला गेला. आणि साडेआठ ही आमची इडलीची वेळ. सेटपासून हातभर अंतरावर मिक्सर.

त्या हिवाळ्यात हजेरीत अडथळा यायला लागला. मधेच एक खरखरीत घरघर सुरू व्हायची आणि वीस-पंचवीस सेकंद सगळं बंद. कुणाचा संकेत नाही, काही नाही. थांबायची, पुन्हा यायची. म्हाताऱ्यांचे "हजर" त्यात बुडून जायचे. कुणी म्हणालं मशिन खराब झालं, कुणी म्हणालं कुणी मुद्दाम करतंय. मला मात्र तो आवाज कधी ऐकू आला नाही. मिक्सर चालू असताना मला तसंही काही ऐकू येत नसे, आणि बोलणारा सेट त्या वेळी ऐकू शकत नाही, ही तर ठोकळ्यावरची पहिल्या दिवसाची गोष्ट. ती मला आठवली नाही. उलट मी हवेत सांगायचो, "माझ्याकडे स्वच्छ आहे. दोष मशिनमध्ये किंवा बाईंच्या सेटमध्ये असणार."

बाई म्हणाल्या, "हा मिक्सर आहे. कुणाच्या तरी घरी पल्लीची चटणी वाटली जातेय."

पल्ली म्हणजे शेंगदाणे. त्यावर सगळा गट हसला. परागने व्हॉट्सअपवर लिहिलं, "बाईंना भूक लागली आहे, कुणीतरी टिफिन पाठवा." मी त्याखाली हसरे चेहरे टाकले, तीन.

आठ-दहा दिवसांनी, सकाळी हजेरीच्या वेळी मी गॅलरीत दात घासत असताना बाई खाली आमच्या गल्लीत दिसल्या. हजेरी त्यांनी त्या दिवशी दुसऱ्या कुणावर सोपवली होती. हातात सेट होता, त्याची अँटेना काढलेली. सेट छातीशी धरून त्या जागच्या जागी हळूहळू गोल फिरत होत्या. हे आमच्यात शिकवतात. मशिनने सोडलेल्या नव्हे, मशिनकडे जाणाऱ्या मूळ आवाजावर सेट लावायचा. स्वतःच्या शरीराचा आडोसा करायचा आणि आवाज कुठल्या बाजूला तोंड केलं की मंदावतो ते पाहायचं. बोलणारा सेट तेव्हा आपल्या पाठीमागे असतो. खूप जवळ आलं की अँटेनाही काढून टाकायची, तरी आवाज आला तर घर चार पावलांवर आहे. मला हे सगळं माहीत होतं. नल्लकुंट्यापासून त्या कितीदा अशा थांबत, फिरत आल्या असतील ते नंतर मनात आलं. तेव्हा एवढंच दिसलं की ही बाई माझ्या दाराशी आली आहे आणि गल्ली बघते आहे.

"काय बाई," मी वरून ओरडलो, "आमच्या घरावर पाळत?"

त्यांनी मान वर केली. "साहेब, घरातला सेट पाच मिनिटं बंद करा."

"कशाला?"

"बंद करून अडथळा थांबला तर तुमचा. नाही थांबला तर मी इथं गल्लीत तुमच्या पाया पडते. पाच मिनिटं फक्त."

समोरच्या घरातली सुगुणम्मा बाहेर आली. किराणेवाला यूसुफ शटर अर्धं वर ठेवून बघत राहिला. मला ठोकळा आठवला, ती चाळीस माणसं आठवली.

"माझ्याकडे लायसन आहे," मी म्हटलं. "माझ्या घरात सेट चालू ठेवायचा की बंद, ते मी ठरवीन. तुमच्या त्या गंजक्या पेटीकडे बघा आधी. आणि परत असं कुणाच्या दाराशी फिरत जाऊ नका, लोक वेडी म्हणतात."

बाईंनी काढलेली अँटेना सेटला परत बसवली. मग म्हणाल्या, "मला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. तुम्ही घाबरता कशाला, ते सांगा." आणि त्या काचीगुडा स्टेशनच्या दिशेने चालू लागल्या. पाच मिनिटं. मी सेट बंद केला असता तर ही गोष्टच घडली नसती. आत कमल विचारत होती, कोण होतं, आणि मिक्सर चालू होता.

पुढच्या रविवारी चिक्कडपल्लीत एका सभासदाच्या दुकानाच्या माडीवर बैठक झाली. अडथळ्यावरच विषय होता, पण खरं तर ज्याला ज्याला बाईंनी कधी ना कधी हौला म्हटलं होतं, तो प्रत्येक जण आपली आठवण घेऊन आला होता. मी आधी दोन दिवस फोन करून लोकांची मनं तयार केली होती. मशिन जुनं झालंय, बाई कुणाला हात लावू देत नाहीत, हात थरथरतो, तारांना सोल्डरचा डाग देताना जोड कच्चे राहतात, आणि आता चूक लपवायला लोकांच्या स्वयंपाकघरात मिक्सर शोधत फिरतात. वीज खात्यातला माणूस सांगतोय म्हटल्यावर लोकांना ते पटलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, "तो आवाज यांच्या घरातून येतो. मी गल्लीत उभं राहून ऐकलाय."

"म्हणजे माझी बायको चटणी वाटते म्हणून शहराचा रेडिओ बंद पडतो?" मी म्हटलं. "कमलला सांगतो, तुझा मिक्सर फार नावाजलाय म्हणून."

माडी हसली. पराग हसला नाही, तो अवघडून म्हणाला, "मॅडम, प्लीज, आपण काही दिवस किल्ली आणि हजेरी माझ्याकडे ठेवून बघू. पर्सनल घेऊ नका."

"मॅडम तुझ्या हाफिसात," बाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून किल्ली काढली, परागच्या हातात न देता टेबलावर ठेवली आणि उठल्या. जिन्याशी थांबून म्हणाल्या, "बरकतपुऱ्याच्यांना शेवटी पुकारत जा. त्यांना चालत यायला वेळ लागतो." आणि खाली उतरल्या. त्या सकाळच्या हजेरीशिवाय त्यांना दुसरं काही नव्हतं, हे त्या माडीवरच्या प्रत्येकाला माहीत होतं. मलाही होतं. मला बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, कमलने ती खोळ धुवायला टाकली. साडेआठला परागने पहिली हजेरी सुरू केली. मी टेबलाशी बसलो होतो. कमलने मिक्सरचं बटण फिरवलं आणि उघड्या सेटच्या डोक्यावर लाल दिवा लागला. तिने मिक्सर थांबवला, दिवा गेला. पुन्हा चालू केला, पुन्हा लागला.

"अहो, हा दिवा कसला?" ती म्हणाली.

मी उठलो, सेट हातात घेतला आणि ती सोय बंद केली. एवढंच. तीन बटणं दाबायची होती. कमल माझ्याकडे बघत राहिली. तिला रेडिओतलं काही कळत नसे, पण माझा चेहरा तिला कळतो.

"म्हणजे त्या बाई खरं बोलत होत्या," ती म्हणाली.

त्यानंतर अडथळा आला नाही. हजेरी संपताना पराग आनंदाने म्हणाला, "मित्रांनो, आज चॅनल एकदम क्लिअर! सगळ्यांना ऐकू आलं ना?" एकेक जण सांगू लागला, स्वच्छ, स्वच्छ. कुणीतरी हसून म्हणालं, बाईंनी हात काढला आणि मशिन सुधारलं. माझी पाळी आली. मी बटण दाबलं, एक श्वास थांबलो, माझा संकेत सांगितला आणि म्हटलं, "हजर. आवाज स्वच्छ."

कमलने त्या दिवशी चटणी तशीच जाडीभरडी वाढली. "आजच जाऊन सांगा," ती म्हणाली. मी म्हटलं, सांगतो. रात्री म्हटलं, रविवारी जातो. रविवारी म्हटलं, आता सांगितलं तर लायसन जाईल. ते जाणार नव्हतं. जाणार होती ती माझी पत, ज्या माणसांना मी हसवलं होतं त्यांच्यासमोर. कमलने तेव्हापासून नऊ वाजायच्या आत मिक्सरला हात लावला नाही. मी कितीदा सांगितलं की आता काही होत नाही. ती म्हणते, "तुमचं नाही होत, माझं होतं."

बाई पुन्हा कधी हवेत आल्या नाहीत. त्यांच्यामागे गोष्ट वाढत गेली. आधी मशिन बाईंनी बिघडवलं होतं, मग मुद्दाम बिघडवलं होतं, मग किल्ली सोडायची नव्हती म्हणून त्या स्वतःच घरघर सोडायच्या, इथपर्यंत. मी हे कुणाला सांगितलं नाही. कुणी माझ्यासमोर सांगितलं तर खोडलंही नाही.

अशी दोन वर्षं गेली. मग त्यांच्या भाचीचा परागला फोन आला की मावशी पडल्या, माकडहाड मोडलं, अंथरुणावर आहेत. पराग म्हणाला, काका, तुम्ही इथलेच मराठी, बाई तुमच्याच वयाच्या, जाऊन याल का? मी काय बोलायचं ते कागदावर लिहून काढलं. चारच वाक्यं होती. कागद शर्टाच्या खिशात ठेवून नल्लकुंट्याला गेलो.

भाचीने मला त्याच पुढच्या खोलीत नेलं. बाईंची खाट तिथे टाकली होती. भिंतीला टेकून बसलेल्या, खूप वाळलेल्या. मांडीवर कागद पसरले होते. त्यांच्या हाताने काढलेले मशिनचे जुने आराखडे, ठिकठिकाणी लाल पेन्सिलीने खुणा.

"या, इंजिनियरसाहेब," त्या म्हणाल्या. "बघायला आलात की दिवस मोजायला?"

मी बसलो. तब्येत विचारली. त्यांचं लक्ष कागदात होतं. बोट आराखड्यावर होतं. "एक विचारायचं होतं," त्या म्हणाल्या. "तो अडथळा. परत आला का कधी?"

"नाही."

"कधी थांबला?"

"तुम्ही किल्ली दिलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी."

त्यांनी मान हलवली. ते त्यांना माहीत होतं, फक्त पुन्हा ऐकायचं होतं. "भाचीनं परागला विचारून सांगितलं होतं. मला वाटलं, ऐकण्यात चूक असेल." त्यांनी वरचा आराखडा उलटा केला. "मी तुमच्या गल्लीत उभी होते, साहेब. अँटेना काढून. मला आवाज आला होता. पण मग विचार केला, एकच वस्तू बदलली. मी. आणि दोष गेला. मग दोष कुठं होता? गल्लीत मला काय ऐकू आलं ते मला आता नक्की सांगता येत नाही. दोन वर्षं हे कागद बघतेय. कुठला जोड कच्चा राहिला ते सापडत नाही. हात थरथरायचा ना माझा? तुम्हीच म्हणाला होता."

माझ्या खिशात कागद होता. तो काढून नुसता त्यांच्या हातात दिला असता तरी चाललं असतं. त्यांना चष्मा होता. खोलीत आम्ही दोघंच होतो, भाची आत चहा करत होती.

मी म्हटलं, "वय होतंच हो, बाई. सगळ्यांचंच होतं."

हे वाक्य मी म्हटलं. कुणी माझ्याकडून वदवून घेतलं नाही, घाईत निसटलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता नेहमीचा फटका येणार, हौला म्हणणार. मी त्याची वाट पाहत होतो. त्यांनी आराखडे गोळा केले, घडी घातली आणि उशीखाली सरकवले. "हौ," त्या म्हणाल्या. "होत असेल." मग भाचीला हाक मारून सांगितलं, "साहेबांना साखर कमी."

चहा पिऊन मी निघालो. पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचं ठरवलं. कमलने कागद धुण्यातून वाचवून माझ्या पाकिटात ठेवला. त्यानंतर दीड महिना बाई होत्या. मी त्या दीड महिन्यात दोनदा नल्लकुंट्याच्या बसमध्ये बसलो आणि दोन्ही वेळा मधेच विद्यानगरला उतरून परत आलो. एका सोमवारी हजेरीत परागने सांगितलं की बाई पहाटे गेल्या, आणि एक मिनिट सगळ्यांनी सेट बंद ठेवावेत. मी ठेवला.

हे लिहून झालं की ते परागला द्यायचं आहे. त्याने ते गटाला वाचून दाखवावं, हवेत, माझ्या संकेतासह. लायसन काढून घ्यायचं असेल तर घ्यावं. भाचीलाही एक प्रत पाठवतो आहे. ती वाचेल की फाडेल, ते तिचं तिने ठरवावं. कमल म्हणते, "मी नाही वाचणार. मला ऐकायचं होतं ते तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत." पाकिटातला कागद घड्यांवर फाटत आला आहे, म्हणून त्यातली वाक्यं इथे उतरवतो. चार होती, पाचवं त्या दिवशी घरी परतल्यावर लिहिलं.

बाई, तो आवाज माझ्या स्वयंपाकघरातून येत होता. तुम्ही बंद करायला सांगितलेली गोष्ट मी मुद्दाम चालू केली होती, आणि तुम्ही किल्ली दिलीत त्याच्या दुसऱ्या दिवशी मला ते कळलं. कळल्यावर मी गप्प बसलो. मला माफ करा. तुमचा एकही जोड कच्चा नव्हता.